कातेल्लूची काकवी आणि माझं नाव

कातेल्लूबद्दल चांगलं बोलायचं म्हणजे माझ्या जिवावर येतं. पण गावात कुणालाही विचारा, सगळे तिचंच गुणगान गातील, आणि ते ऐकून तुमचा समज होईल की या डोंगरात कॅरबच्या झाडांना गोड शेंगा फक्त तिच्यासाठीच लागतात. म्हणून मीच सांगते. मी तिची जाऊ. तिला माझ्याइतकं कोण ओळखतं?

कागदोपत्री ती कातेरिना. गावाला कातेल्लू. माझे यजमान हांबिस थोरले, तिचा झेनिओस धाकटा, म्हणजे मानानं मी मोठी. ती लग्न होऊन आली तेव्हा काडीसारखी होती, नाकावर तीळ, डोळे सदा खाली. मी म्हटलं, बरं झालं, गरीब गाय मिळाली. कसली गाय अन् कसलं काय! वर्ष फिरायच्या आत सासूबाईंच्या चुलीपाशी माझी जागा तिनं घेतली, तीही तोंडातून एक शब्द न काढता. भांडली असती तर मी पुरून उरले असते. न भांडणाऱ्या बाईचं काय करायचं, सांगा.

सासूबाईंनी या शेंगांची काकवी करायला आम्हा दोघींनाही शिकवलं. एकाच चुलीवर, एकाच तांब्याच्या हंड्यात. उन्हाळा उतरताना काठ्यांनी शेंगा झोडायच्या, त्याही बेतानं, कारण पुढच्या वर्षाचा मोहर त्याच फांदीवर बसलेला असतो. मग शेंगा ठेचून भिजत घालायच्या, ते पाणी गाळायचं आणि आटवत बसायचं, रंग काळाभोर होऊन पळीवरून तार सुटेपर्यंत. यात गुपित कसलंच नाही. साखर नाही, मसाला नाही. तरी माझी काकवी ती ‘काकवी’, आणि तिची ती ‘कातेल्लूची काकवी’. कुणाला खोकला झाला, धाडा कातेल्लूकडे. बाळंतिणीच्या अंगात ताकद नाही, कातेल्लूकडे. लेकराला जुलाब लागले की तिच्याकडून शेंगांचं पीठ आणायचं आणि पाण्यात शिजवून चाटवायचं. पीठ माझ्याकडेही होतं हो! डब्यात भरून ठेवलेलं, चाळलेलं, तिच्यापेक्षा बारीक!

आता तर खालच्या लिमासोल शहरातून गाड्या येतात. घट्ट विजारी घातलेल्या बायका उतरतात आणि म्हणतात, कोकोच्या ऐवजी आम्ही हेच वापरतो, यानं झोप उडत नाही, पोट साफ राहतं, हाडांना चुना मिळतो. माझ्या दारासमोर गाडी लावतात आणि मलाच विचारतात, कातेल्लूचं घर कुठलं? मी रोज बोट दाखवते. माझ्या बोटालाच आता तिच्या घराची सवय झाली आहे.

एक गोष्ट मात्र माझ्याकडे होती आणि तिच्याकडे नव्हती. मला लेक झाली, आन्थूला. कातेल्लूला काहीच झालं नाही. झेनिओसही लवकर गेला. मी वाईट बाई नाही, मला त्याचं दुःख झालं. पण खरं सांगू? जेव्हा जेव्हा तिच्या काकवीचं कौतुक कानावर यायचं, तेव्हा मी माझ्या आन्थूलाकडे बघायची आणि मनात म्हणायची, असू दे, हे तर माझंच आहे.

आन्थूला लग्न होऊन लिमासोलला गेली. पहिली मुलगी झाली, तिला रीतीप्रमाणे सासूचं नाव दिलं. मी हू की चू केलं नाही. रीतच आहे, पहिलीला बापाच्या आईचं, दुसरीला आईच्या आईचं. दुसऱ्या खेपेला दिवस राहिले आणि डॉक्टरांनी मुलगी असल्याचं सांगितलं, तेव्हा मी चर्चमध्ये जाऊन मरियामाउलीपुढे माझ्या उंचीची मेणबत्ती लावली. पोलिक्सेनी! माझ्यानंतरही या नावानं कुणीतरी हाक मारेल, कुणीतरी वळून बघेल. मला आणखी काय हवं होतं?

पण त्या खेपेला पोरीचे हाल झाले. अन्न टिकेना, रक्त कमी, चेहरा पांढराफटक. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, त्याही उलटून पडायच्या. शेवटी जावयानं तिला माझ्याकडे आणून सोडलं. मी काय काय केलं नाही! कोंबडीचं सूप केलं, लिंबू घालून. हलुमी चीज भाजून दिलं. माझी काकवी दिली, चांगली वाटीभर. तिनं तोंडाशी नेली आणि अंगणात पळाली.

दुसऱ्या दिवशी कातेल्लू आली. हातात एक छोटी बशी, बशीत थोडी तिळाची ताहिनी आणि वर काकवीची बारीक धार. म्हणाली, “आन्थू, गिळायचं नाही हं. पावाचा तुकडा बुडव आणि नुसता तोंडात धरून बस.”

“माझी काकवी वाटीभर दिली, तीसुद्धा राहिली नाही,” मी म्हटलं.

“वाटीभर दिलीत ना ताई, म्हणूनच,” ती म्हणाली. ‘वाटीभर’वर जरासा जोर. बघा, ही तिची तऱ्हा. ऐकणाऱ्याला वाटावं, किती गोड बोलते.

तो तुकडा राहिला. दुपारी आणखी एक राहिला. मग रोज सकाळी माझी लेक उठायची आणि पोट सावरत गल्ली ओलांडून तिच्या घरी जायची. मी खिडकीतून बघायची. तिथल्या ओट्यावर दोघी बसायच्या, एक बुडवायची, दुसरी बोलायची, आणि हसायच्या! माझ्या घरात येऊन मात्र ती भिंतीकडे तोंड करून झोपायची. हळूहळू तिच्या गालांवर रंग आला. गोळ्याही टिकायला लागल्या. आता रक्त गोळ्यांनी वाढलं की काकवीनं, ते डॉक्टरांनाच ठाऊक, पण गावात गोळ्यांचं नाव कुणी घेतलं का? छे! सगळीकडे एकच, कातेल्लूनं पोर वाचवली.

माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. एकदा हांबिसना म्हटलं, “तुमच्या लेकीला आई कोण, याचा विसर पडलाय.”

ते चष्मा पुसत म्हणाले, “पोर खातेय ना? मग कुणाच्या हातचं का असेना.”

“तुम्हाला काय कळतंय!”

“मला इतकंच कळतंय की तू तिथं जाऊन बसत नाहीस. तिथं तिघींना जागा आहे.”

मी त्या ओट्यावर जाऊन बसू? माझा जीव गेला तरी बसले नसते.

मुलगी झाली. गोरीपान, वजनदार, रडली तर गल्ली जागी व्हायची. बाप्तिस्मा होईपर्यंत आमच्याकडे लेकराला नाव नसतं, नुसतं बेबा म्हणतात. मी मात्र एकटी असले की तिच्या कानात हळूच पोलिक्सेनी म्हणायची. ती माझं नाक धरायची.

मग एके दिवशी आन्थूलानं सांगितलं, “आई, धर्ममाता म्हणून मी कातेल्लू काकीला सांगितलंय.”

मी म्हटलं, “छान.” आणि भांडी घासायला घेतली. घासलेलीच भांडी होती.

धर्ममाता म्हणजे काय, ते आम्हाला माहीत. पोर तिच्या हातात, तेल ती लावणार, आणि पाद्रीबाबांनी विचारलं की नाव मोठ्यांदा तीच सांगणार. आई-बाप काय ठरवतात ते ठरवोत, बाप्तिस्म्याच्या कुंडापाशी तिच्या तोंडून निघेल तेच नाव. एकदा पाण्यात बुडवलं की ते जन्माचं.

आणि नावाबद्दल आन्थूला तोंड उघडेना. विचारलं तर म्हणायची, “कळेलच गं त्या दिवशी.” इतकं सरळ नाव सांगायला एवढं लपवायचं काय? आमची शेजारीण देस्पिनू, जिच्या पोटात शेंगदाणाही टिकत नाही, ती विहिरीपाशी मला म्हणाली, “पोलिक्सेनी, रागावू नकोस हं, पण मी ऐकलं की कातेरिना ठेवणारेत.”

“कुणाकडून ऐकलंस?”

“आता कुणाकडून म्हणून काय सांगू... पण गोड आहे की नाव. शहरात शोभतंय. आणि बिचारीला कोण आहे मागं?”

बिचारी! मी घरी आले आणि पायातल्या चपला भिरकावल्या. तिनं माझी चूल घेतली, सासू घेतली, गावाचं तोंड घेतलं, लेक घेतली. आता नातसुद्धा? माझं एवढंसं नाव, तेही नको ठेवायला?

बाप्तिस्म्याला पाहुण्यांच्या हातावर पास्तेली ठेवायची असते. ही पास्तेली म्हणजे काकवीच, इतकी आटवलेली की गोळा व्हावा. तो गरम गोळा दगडावर ओतायचा आणि हात सोसेल इतका निवला की ओढायला लागायचं. दोघी लागतात. एकीनं एक टोक धरायचं, दुसरीनं दुसरं, ओढायचं, दुमडायचं, पुन्हा ओढायचं. ओढता ओढता काळं जातं आणि सोनेरी येतं. थांबलात की गेलं, दगड होतो. आमच्या गावात एवढा मोठा गोळा ओढणाऱ्या दोघीच उरल्या आहेत. एक मी. दुसरी कोण, ते सांगायला नको.

म्हणून आदल्या दिवशी दुपारी मी तिच्या अंगणात उभी राहिले, हाताला ऑलिव्हचं तेल चोळलं आणि माझं टोक उचललं.

“भाजतंय का ताई?”

“तू तुझं बघ.”

ओढलं. दुमडलं. ती ताकदीनं बारीक, पण तिच्या मनगटात लय आहे, ते मला मान्य करावं लागतं. मी जोर लावते, ती सोडून देते, मग ती खेचते. बोलणं नसलं तरी हात चुकत नाहीत. बाकी कशात आमचं जमत नाही, यात जमतं. हाच तर वैताग आहे.

मी ठरवलं होतं की विचारायचं नाही. पण हातात गरम दोर असला की माणूस निघून जाऊ शकत नाही. ना मी, ना ती. म्हटलं, हीच वेळ आहे.

“उद्या नाव काय सांगणारेस?”

“आई-बाप म्हणतील ते.”

“काय म्हणालेत ते?”

“ओढा ताई, निवतंय.”

मी ओढलं. जरा जास्तच. ती एक पाऊल पुढं आली.

“कातेल्लू, दुसऱ्या मुलीला आईच्या आईचं नाव देतात. ही रीत मी काढलेली नाही.”

“मला ठाऊक आहे की रीत.”

“ठाऊक आहे तर मग नीट वाग.”

तिनं दुमडलं, माझ्या हातात दिलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “रीतीप्रमाणं माझं नाव कुणाला मिळायचं हो ताई?”

गोळा तपकिरी झाला होता. मी म्हटलं, “तो देवाचा प्रश्न आहे. माझ्या लेकीच्या घरात घुसून तो सोडवायचा नाही.”

“घुसले नाही. तीच यायची माझ्याकडं.”

देवा शपथ, ते टोक तिच्या तोंडावर फेकावंसं वाटलं मला! पण उद्या शंभर माणसं येणार, त्यांच्या हातावर काय ठेवू? ओढत राहिले. डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि हात मोकळे नाहीत, पुसणार कसं? तिनं पाहिलं. तिचेही हात मोकळे नव्हते. दोघी तशाच ओढत राहिलो, आणि पास्तेली अशी सोन्यासारखी झाली की तशी आजवर कधी झाली नव्हती. मग ती म्हणाली, “झाली,” आणि मी हात धुऊन घरी आले.

जेवले नाही. हांबिस म्हणाले, “विचारून टाक ना लेकीला सरळ.” विचारलं आणि तिनं कातेरिना सांगितलं तर? चर्चमध्ये शंभर जणांत ऐकलं तर निदान चेहरा सांभाळावा तरी लागेल. घरात मी काय केलं असतं, माझं मलाच माहीत नव्हतं.

चर्चमध्ये मी पुढेच उभी राहिले, काळा पोशाख, सासूबाईंचे कानातले. कातेल्लूनं बेबाला हातात घेतलं होतं. पोर तिच्या खांद्याला अशी चिकटलेली की जशी तिथंच जन्मली. आन्थूला आणि जावई बाजूला. पाद्रीबाबांनी पुस्तक वाचलं, तेल मागितलं, बाह्या वर सारल्या आणि विचारलं, “नाव?”

मी कातेल्लूकडे पाहिलंच नाही. मी लेकीकडे पाहिलं. तिचे ओठ हलले. आवाज नाही, नुसते ओठ, जसं आपण लेकराला कविता म्हणायला लावतो आणि स्वतः मनात म्हणतो. त्या ओठांवरचं नाव मी वाचलं. कातेरिना.

आणि कातेल्लू मोठ्यांदा म्हणाली, “पोलिक्सेनी.”

आन्थूलानं दचकून वर पाहिलं. जावयानं तिचा हात धरला. पाद्रीबाबांना काय त्याचं, त्यांनी पोर उचलली आणि पाण्यात बुडवली, एकदा, दोनदा, तीनदा, आणि दरवेळी माझं नाव घेतलं. पोरीनं टाहो फोडला. मागून देस्पिनू म्हणाली, “अगं बाई, तुझंच की गं!” बायका माझ्या गळ्यात पडल्या, जगो, जगो, तुझ्या नावाची जगो. मी हसत होते. गाल दुखेपर्यंत हसले.

मला जे हवं होतं ते मिळालं होतं. आणि माझ्या लेकीला ते द्यायचं नव्हतं, हेही त्याच क्षणी मिळालं. आन्थूला जवळ आली, माझा पापा घेतला, म्हणाली, “खूश ना आई?” मी म्हटलं, “खूप.” तिचे ओठ मी वाचले का, हे तिनं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. तेव्हापासून आम्ही दोघी त्याच्यावर बोललेलो नाही.

अंगणात टेबलं मांडली, मेंढी भाजली, हांबिस पिऊन नाचले. ज्याला त्याला एकच विषय. काय मोठं मन कातेल्लूचं! स्वतःच्या मागं कुणी नाही, तरी जावेचं नाव दिलं! म्हणजे नात माझी, नाव माझं, आणि कौतुक परत तिचं. देस्पिनूनं तर डोळ्यांना रुमाल लावला. तिला मी पाणी नेऊन दिलं, दुसरं काय करणार?

कातेल्लू मागच्या बाजूला दगडावर बसली होती, नवे बूट काढून पाय चोळत. मी तिच्यापुढं जाऊन उभी राहिले.

“तिनं तुला कातेरिना सांगितलं होतं.”

“हो.”

“मग?”

“मग काय?”

“आयुष्यात एकदा तुला मिळत होतं कातेल्लू. कशाला सोडलंस? माझ्यावर उपकार करायला?”

तिनं बूट बाजूला ठेवला आणि वर पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण हसत होती, आणि ते हसणं काही संत बाईचं नव्हतं.

“ताई, मी तुमच्या घरात आले तेव्हापासून तुमच्याकडं बघत जगले. तुमचं पोट वर आलेलं बघितलं, तुमच्या कडेवर पोर बघितली, ती शाळेला गेलेली बघितली. माझ्या हातात तुमचं असं कधी काही आलं नव्हतं. आज आलं. ठेवून घेतलं असतं तर तुम्ही आठवडाभर रडला असता, मग गावभर मला शिव्या घालून मोकळ्या झाला असता. खरं की नाही?”

खरंच होतं.

“आता कशा मोकळ्या व्हाल?” ती म्हणाली. “आता त्या पोरीला हाक मारली की मी आठवणारच तुम्हाला. माझं नाव ठेवलं असतं तर तुम्ही तोंडातून काढलंच नसतं. हे नाव मात्र रोज घ्याल.”

तिच्या तोंडात मारावी की तिला जवळ घ्यावी, मला कळेना. मी दोन्हीतलं काहीच केलं नाही. तिचा दुसरा बूट उचलून तिच्या हातात दिला, इतकंच.

पोर आता चालते, पळते. सुट्टीत आली की माझ्या घरात चप्पल ठेवते आणि गल्ली ओलांडून पसार. जेवायची वेळ झाली की मी दारात उभी राहून हाक मारते, “पोलिक्सेनी! ए पोलिक्सेनी!” पोरगी काही ओ देत नाही, तिचं तोंड भरलेलं असतं. पलीकडच्या ओट्यावरून कातेल्लूच ओ देते, “आहे हो ताई, इथंच आहे माझ्याजवळ!”